कमरेवरचा भार

मराठी भाषेत कमरेला आणि कण्याला मोठा मान आहे. कठीण कामाला सिद्ध झालेला माणूस ‘कंबर कसतो’. संकटापुढे जो वाकत नाही, त्याचा ‘कणा ताठ’ असतो. दुष्काळाने किंवा कर्जाने एखादे घर खचले, म्हणजे त्या घराची ‘कंबर मोडली’ असे लोक म्हणतात. हे वाक्प्रचार ज्या पिढ्यांनी घडवले, त्यांनी शरीरशास्त्राचे ग्रंथ वाचलेले नव्हते. परंतु शेतात वाकून, पाणी वाहून आणि पोती उचलून एक गोष्ट त्यांच्या अनुभवास आली होती. माणसाच्या अंगावरचा सारा भार शेवटी कमरेवर येऊन टेकतो, ही ती गोष्ट होय.

ही कंबर दुखू लागली म्हणजे काय होते, ते पुष्कळ घरांत पाहावयास मिळते. सकाळी अंथरुणातून उठताना आजीला भिंतीचा आधार घ्यावा लागतो. पाण्याची बादली उचलताना वडिलांच्या पाठीत एकाएकी उसण भरते आणि ते जागच्या जागी थबकतात. हे दुखणे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने त्रस्त होती, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत दिलेला आहे. माणसाच्या नित्याच्या व्यवहारात अडथळा आणणाऱ्या व्याधींमध्ये कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो.

या दुखण्याला हातभार लावणारी आणि प्रयत्नाने कमी करता येण्याजोगी तीन कारणे त्या पाहणीत सांगितली आहेत. कष्टाच्या कामात कमरेवर पडणारा ताण हे पहिले कारण, धूम्रपान हे दुसरे आणि शरीराचे अतिरिक्त वजन हे तिसरे. यांतील तिसरे कारण वाचून मनात एक शंका येते. शरीराचे वजन तर पायांवर पेललेले असते. मग वजन वाढल्यावर दुखावी ती कंबर का? आणि चार-आठ किलोग्रॅम वजन वाढले, तर एवढ्या मोठ्या शरीराला त्याचे ओझे वाटावे तरी का? या शंकांचे उत्तर मिळवण्यासाठी पाठीच्या कण्याची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे.

पाठीचा कणा म्हणजे एक सलग हाड नव्हे. तो एकावर एक रचलेल्या मणक्यांचा मनोरा आहे. लहान मुलाच्या कण्यात साधारणपणे ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५. त्यांच्या खालचे ५ मणके वाढत्या वयात एकमेकांना जुळून त्रिकास्थी नावाचे एकच हाड बनते. अगदी शेवटचे ४ लहान मणके मिळून माकडहाड तयार होते. मनोऱ्याचे दगड जसे तळाकडे मोठे असतात, तसे मणकेही खाली खाली मोठे होत जातात. मानेचे मणके लहान व नाजूक असतात, तर कमरेचे पाच मणके सर्वांत जाड व भक्कम असतात.

त्यांना असे भक्कम असावेच लागते. छातीच्या मणक्यांना दोन्ही बाजूंच्या बरगड्यांचा आधार आहे. कमरेच्या मणक्यांना तसा पिंजरा नाही. वर छातीचा पिंजरा आणि खाली ओटीपोटाची हाडे, यांच्या मधला हा प्रदेश हाडांच्या दृष्टीने मोकळाच आहे. डोके, मान, दोन्ही हात, छाती व पोट मिळून शरीराचे निम्म्याहून अधिक वजन या पाच मणक्यांतून खाली उतरते. त्यातच पुढे वाकणे, मागे रेलणे आणि बाजूला वळणे ही कामेही याच मणक्यांना करावी लागतात. भार वाहणे आणि लवणे ही दोन परस्परविरुद्ध कामे एकाच अवयवावर पडली आहेत.

ही दोन्ही कामे साधावीत म्हणून दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. कण्यात अशा २३ गाद्या आहेत. गादीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंचा बनलेला असून कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्याचे एकाभोवती एक वेढे असतात. आतला गाभा मऊ आणि बुळबुळीत असतो. तरुणपणी त्यात सुमारे चार पंचमांश पाणीच असते. माणूस चालतो, धावतो, उडी मारतो, तेव्हा बसणारे हादरे हा गाभा सोसतो आणि दाब सर्व दिशांना वाटून टाकतो.

दिवसभर उभे राहून आणि चालून या गाद्या दबतात व त्यांतील थोडे पाणी बाहेर पडते. रात्री माणूस आडवा झाला, की भार उतरतो आणि गाद्या ते पाणी पुन्हा शोषून घेतात. म्हणूनच प्रत्येक माणसाची उंची रात्रीपेक्षा सकाळी थोडी अधिक असते. मोठ्या माणसांत हा फरक एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक भरतो. अंतराळात गेलेल्या वीरांची उंची तर काही सेंटिमीटरांनी वाढते, कारण तेथे कण्याला शरीराचे वजन पेलावेच लागत नाही. पृथ्वीवर परतल्यावर त्यांची उंची पूर्ववत होते.

या गाद्यांची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या ऊतींतून पाझरून येणाऱ्या द्रवातूनच गादीला पोषण मिळते, आणि हालचालीत गादी दबते व सुटते तेव्हा या पाझराला साहाय्य होते. म्हणजे गादीला थोडा दाबही हवा आणि थोडा विसावाही हवा. दाब सतत राहिला, तर तिचे पोषण मंदावते. हालचालच बंद झाली, तरीही तिचे हित होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पोटाभोवती वाढलेले वजन कमरेला इतके जड का होते? याचे उत्तर जुन्या काळच्या कावडीत सापडते. पूर्वी नदीवरून किंवा विहिरीवरून पाणी आणण्यासाठी कावड वापरीत. खांद्यावर एक लांब काठी आणि तिच्या दोन टोकांना दोन घागरी, अशी तिची रचना असे. दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असल्या, तर खांदा काठीच्या मधोमध येई. एक घागर जड व दुसरी हलकी असली, तर कावडवाला खांदा जड घागरीच्या जवळ नेई. त्यामुळे हलक्या घागरीकडची काठी लांब होई आणि तोल साधे. लांब बाजूचे थोडे वजन आखूड बाजूच्या पुष्कळ वजनाला तोलून धरते, हाच तो तरफेचा नियम होय. परंतु तोल कसाही साधला, तरी खांद्यावर येणारा भार हा दोन्ही घागरींचा मिळून असतो. काठी सरकवून तोल सुधारता येतो, भार कमी करता येत नाही.

माणसाच्या कमरेत अशीच एक अदृश्य कावड आहे. मणका हा तिचा खांदा. पुढच्या टोकाला पोटाचे आणि हातातील ओझ्याचे वजन असते. मागच्या टोकाला घागर नसते. तेथे पाठीचे बळकट स्नायू खाली ओढून घागरीचे काम करतात. ते ओढत नसते, तर माणूस पुढे कोलमडून पडला असता. पण या कावडीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. सुटलेल्या पोटाचा भार मात्र २० सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक, पुढे असतो. म्हणजे या कावडीची पुढची काठी मागच्या काठीच्या चौपट लांब आहे.

आता एक ढोबळ हिशेब करून पाहावा. एखाद्या माणसाच्या पोटावर ८ किलोग्रॅम वजन अधिक साठले आहे आणि ते मणक्याच्या २० सेंटिमीटर पुढे आहे, असे समजू. आठ गुणिले वीस म्हणजे १६०. मागची काठी ५ सेंटिमीटरांची, म्हणून १६० ला ५ ने भागावे. उत्तर येते ३२. याचा अर्थ असा, की पुढचे ८ किलोग्रॅम तोलण्यासाठी पाठीच्या स्नायूंना ३२ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ द्यावी लागते. खांद्यावर, म्हणजे मणक्यावर आणि त्याखालच्या गादीवर, या दोहोंची बेरीज येते. आठ आणि बत्तीस मिळून ४०. तराजूवर जे ८ किलोग्रॅम दिसतात, ते कमरेला ४० किलोग्रॅम वाटतात.

हेच ८ किलोग्रॅम वजन घागरीत भरून डोक्यावर घेतले आणि ताठ उभे राहिले, तर कमरेवरचा भार जवळजवळ तेवढाच वाढतो, कारण घागर कण्याच्या वर असते, पुढे नसते. तेव्हा वजन किती आहे याइतकेच ते कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. प्रत्यक्ष शरीर अर्थातच कावडीहून अधिक गुंतागुंतीचे आहे. पोटाचे स्नायू थोडा आधार देतात आणि माणूस किंचित मागे रेलून तोल सांभाळतो. त्यामुळे वरील आकडे प्रत्येक माणसाला तंतोतंत लागू पडत नाहीत. पण भाराची वाढ कोणत्या रीतीने होते, हे त्यांवरून स्पष्ट कळते.

या नियमाची प्रचिती घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याने भरलेला तांब्या प्रथम छातीजवळ धरून उभे राहावे आणि मग हात सरळ पुढे करून तोच तांब्या धरावा. तांब्याचे वजन बदललेले नसते. तरीही काही क्षणांतच खांदे भरून येतात आणि हात थरथरू लागतो. तांब्या शरीरापासून दूर गेला, एवढाच काय तो फरक झाला.

शास्त्रज्ञांनी हा भार प्रत्यक्ष मोजूनही पाहिला आहे. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नॅकेम्सन आणि त्यांचे सहकारी जेम्स मॉरिस यांनी १९६४ साली जिवंत माणसांच्या कमरेतील गादीत सुई घालून तेथील दाब मोजल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथे हान्स-योआखिम विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक सुधारलेले उपकरण वापरून हे काम पुन्हा केले. ४५ वर्षांचा आणि ७० किलोग्रॅम वजनाचा एक निरोगी गृहस्थ या प्रयोगाला स्वेच्छेने तयार झाला. त्याच्या कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादीत दाब मोजणारे एक बारीक साधन बसवण्यात आले आणि सुमारे एक दिवसभर त्याच्या निरनिराळ्या हालचालींची नोंद घेण्यात आली.

त्या नोंदी मोठ्या उद्बोधक आहेत. तो पालथा निजला असता गादीतील दाब ०.१ मेगापास्कल होता. शांतपणे उभा राहिल्यावर तो ०.५ मेगापास्कल झाला, म्हणजे पाचपट वाढला. मेगापास्कल हे दाब मोजण्याचे एक परिमाण आहे. मोटारीच्या चाकात भरलेल्या हवेचा दाब साधारणपणे ०.२ मेगापास्कलच्या आसपास असतो. त्यावरून नुसते उभे राहण्यासाठी कमरेची गादी केवढा दाब सोसते, याची कल्पना यावी. तो कमरेत पुढे वाकला, तेव्हा दाब १.१ मेगापास्कलवर गेला. सुमारे २० किलोग्रॅमची पेटी त्याने शरीरालगत धरली, तेव्हाही दाब तेवढाच होता. परंतु तीच पेटी छातीपासून ६० सेंटिमीटर दूर धरताच दाब १.८ मेगापास्कल झाला. पाठ वाकवून पेटी उचलताना तो २.३ मेगापास्कलपर्यंत चढला. गुडघे वाकवून तीच पेटी उचलली, तेव्हा तो १.७ मेगापास्कलच राहिला.

पेटी तीच, माणूस तोच, पण अंतर बदलले आणि गादीवरचा भार बदलला. कावडीचा नियम येथे आकड्यांनी सिद्ध झाला. या प्रयोगाने जुन्या निष्कर्षांचीही पारख झाली. बसल्यावर गादीवरचा दाब उभे असतानाच्या दाबापेक्षा अधिक असतो, असे नॅकेम्सन यांना आढळले होते. उल्मच्या नोंदींत मात्र आरामात बसलेल्या माणसाच्या गादीतील दाब किंचित कमी भरला. शास्त्र असेच पुढे जाते. एकाने मोजलेले दुसरा पुन्हा मोजतो.

हातातील पेटी आणि सुटलेले पोट यांत एक मोठा भेद आहे. पेटी काही क्षणांनी खाली ठेवता येते. पोटावरचा भार घेऊन माणूस चालतो, जिना चढतो, स्वयंपाक करतो आणि बाजारात जातो. हा भार पुढे ओढू लागला, म्हणजे तोल राखण्यासाठी माणूस नकळत कंबर मागे रेलतो. त्यामुळे कमरेचा नैसर्गिक बाक अधिक खोल होतो आणि मणक्यांच्या मागच्या बाजूस असलेल्या लहान सांध्यांवर ताण येतो. पोटाचे स्नायू ताणून सैल पडतात आणि पाठीचे स्नायू एकट्यानेच ओढून ओढून थकतात. संध्याकाळी ‘कंबर भरून आली’ असे माणूस म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हे थकलेले स्नायूच बोलत असतात.

भाराखेरीज आणखी एका मार्गाने चरबी कमरेला त्रास देते. चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेल्या धान्यासारखी निपचित पडलेली साठवण, असे पूर्वी समजत. अलीकडच्या संशोधनाने ही समजूत बदलली आहे. चरबीच्या पेशी अनेक रासायनिक द्रव्ये रक्तात सोडतात, आणि चरबी फार वाढली असता त्यांतील काही द्रव्यांमुळे शरीरात मंद स्वरूपाचा दाह सुरू राहतो. अशा दाहाने सांध्यांची व गाद्यांची झीज वाढत असावी आणि वेदनाही अधिक तीव्रतेने जाणवत असाव्यात, असे शास्त्रज्ञ मानतात.

हा सारा तर्क प्रत्यक्ष माणसांत खरा ठरतो काय, हेही तपासण्यात आले आहे. २०१० साली संशोधकांनी निरनिराळ्या ३३ अभ्यासांची एकत्र छाननी केली. प्रमाणशीर वजनाच्या माणसांपेक्षा वजन वाढलेल्या माणसांत कंबरदुखी अधिक आणि स्थूल माणसांत त्याहूनही अधिक, असे तीत आढळून आले. २०१२ साली हाँगकाँग येथील संशोधकांनी २,५९९ लोकांच्या कमरेची चुंबकीय यंत्राने चित्रे घेतली. तेथेही वजन जसे अधिक, तशी गाद्यांची झीज अधिक आढळली.

परंतु या निष्कर्षांचा विपर्यास होता कामा नये. कंबर दुखणारा प्रत्येक माणूस स्थूल नसतो आणि स्थूल माणसाची कंबर दुखतेच असेही नाही. सडपातळ शेतमजुराला उसण भरते, हमालाची पाठ धरते, दिवसभर एकाच जागी बसणाऱ्या कारकुनालाही हे दुखणे सुटत नाही. बहुसंख्य रुग्णांत तर कंबरदुखीचे एकच एक निश्चित कारण वैद्यांना दाखवता येत नाही. आनुवंशिकतेचाही यात मोठा वाटा असतो. फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या भावांच्या कण्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. दोघा भावांची कामे भिन्न असूनही त्यांच्या गाद्यांच्या झिजेत पुष्कळ साम्य दिसून आले. तेव्हा वाढलेले वजन हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. मात्र आईबापांकडून आलेला कणा कोणाला बदलता येत नाही, वजन पुष्कळदा बदलता येते. म्हणूनच या एका कारणाकडे विशेष लक्ष देणे योग्य ठरते.

वजन अधिक आहे हे ठरवावे तरी कसे? नुसत्या तराजूवरून ते कळत नाही, कारण उंच माणसाचे वजन अधिक असणारच. यासाठी किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. ही कल्पना बेल्जममधील गणिती आदोल्फ केतले यांनी १८३२ साली मांडली. समजा, एका गृहस्थाची उंची १.६० मीटर आणि वजन ६४ किलोग्रॅम आहे. १.६० चा वर्ग २.५६. त्याने ६४ ला भागले असता २५ हा अंक येतो. भारतीय प्रौढांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे २३ पासून वजन वाढलेले समजतात आणि २५ पासून स्थूलता समजतात. वाढत्या वयाच्या मुलामुलींना मात्र ही मर्यादा लावता येत नाही. त्यांच्यासाठी वयाप्रमाणे तयार केलेले निराळे तक्ते असतात आणि ते पाहण्याचे काम वैद्याचे आहे. वाढत्या वयात उपाशी राहून वजन उतरवणे अहितकारक होय, कारण हाडे व स्नायू याच वयात घडत असतात.

वजन आणि वेदना यांची एकदा गाठ पडली, म्हणजे एक दुष्टचक्र सुरू होते. कंबर दुखते म्हणून माणूस चालणे सोडतो. चालणे सुटले, की वजन वाढते आणि स्नायू दुबळे होतात. मग कंबर अधिकच दुखू लागते. पूर्वी वैद्यही अशा रुग्णाला दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला देत. १९८६ साली अमेरिकेत दोन प्रकारच्या रुग्णांची तुलना झाली. काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगण्यात आली होती. सात दिवस पडून राहणाऱ्यांना त्यापासून काही अधिक लाभ झाला नाही, कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या प्रयोगात तर, वेदना सोसवतील इतपत आपले नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण सर्वांत लवकर सुधारले. आज वैद्य सामान्य कंबरदुखीत शक्य तितके हिंडतेफिरते राहण्यास सांगतात, ते याच अनुभवावरून.

दुष्टचक्र मोडावयाचे असेल, तर त्याची सुरुवात चालण्यापासून करता येते. चालण्याने स्नायू बळकट होतात, गाद्यांना दाब व विसावा आळीपाळीने मिळतो आणि वजनही ताब्यात राहते. मुलांना तर यासाठी वेगळे काही करावयास नको. हुतूतू, खोखो, लंगडी, दोरीवरच्या उड्या, पोहणे, सूर्यनमस्कार यांत पाठ, पोट आणि पाय या सर्वांना काम मिळते. आहारात भाकरी, भाजी, उसळ, ताक, फळे यांना अग्रस्थान असावे. तळलेले व गोड पदार्थ सणावारी शोभतात, रोजच्या डब्यात नव्हे. वजन हळूहळू वाढलेले असते, म्हणून ते हळूहळूच उतरते. ते उतरल्याने पुष्कळांची वेदना हलकी होते. ती सर्वांचीच पार नाहीशी होईल, असे मात्र नाही.

ओझे उचलण्याची रीत ज्याने त्याने शिकून घ्यावी, मग त्याचे वजन कितीही असो. बादली किंवा पोते उचलताना जवळ जावे, गुडघे वाकवावेत, ओझे अंगालगत घ्यावे आणि मग उठावे. ओझे हातात असताना कंबर पिळू नये, पावले वळवावीत. दप्तरालाही हाच नियम लागू आहे. भारत सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणाप्रमाणे विद्यार्थ्याच्या दप्तराचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक असू नये. ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे दप्तर ४ किलोग्रॅमपर्यंत असावे. त्याचे दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यावेत आणि दप्तर पाठीला चिकटून राहील असे ते आवळावेत. लहान वयात कंबर वारंवार दुखत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा दुखण्याबरोबर ताप येत असेल, तर ते घरात लपवून न ठेवता वैद्याला दाखवावे.

शेवटी एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. वर्गातील एखाद्या स्थूल मुलाला टोपणनाव ठेवले जाते, मैदानावर कोणी त्याला आपल्या गटात घेत नाही, आणि मग तो खेळावयास येणेच सोडतो. थट्टा करणाऱ्यांना ती गंमत वाटते. परंतु ज्या खेळाची त्याच्या शरीराला सर्वांत अधिक गरज असते, त्यापासूनच ही थट्टा त्याला दूर लोटते. दुष्टचक्राचा एक फेरा त्याच्या वर्गमित्रांनीच फिरवलेला असतो. वजन वाढण्यास आनुवंशिकता, आजार, औषधे, घरची परिस्थिती अशी कितीतरी कारणे असतात. ती सर्व त्या मुलाच्या हातची नसतात. त्याला खेळात बोलावणे एवढे मात्र प्रत्येकाच्या हातचे आहे.

घरातही असेच आहे. आई किंवा आजी कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, तर आळस म्हणून ती थांबलेली नसते. तिच्या कमरेतील ती अदृश्य कावड त्या वेळी जड झालेली असते. आठ किलोग्रॅमचे चाळीस कसे होतात हे ज्याला कळले, त्याने पुढे होऊन तिच्या हातातील पाण्याची कळशी आपल्या हातात घ्यावी. गुडघे वाकवून आणि कळशी अंगालगत धरून ती उचलली, म्हणजे तिचा भार हलका होईल आणि उचलणाऱ्याच्या कमरेलाही तो जाणवणार नाही.